बीजाचे आपूर्णत्व : वृक्षबीजांतील संप्रेरके, प्रथिने आणि आपली द्रव्यखरेदी

औषधीद्रव्य विकत घेताना आपण बरेच काही पाहतो. भेसळ आहे का, बुरशी लागली आहे का, कीड पडली आहे का, माल जुना आहे का, याची पाहणी प्रत्येक जाणता वैद्य व फार्मसीचालक करतो. मोठ्या फार्मसीत भस्ममान, जलविद्राव्य व मद्यविद्राव्य अंश यांची तपासणी होते. परंतु एक साधा प्रश्न मात्र आपल्या खरेदीच्या व्यवहारात क्वचितच विचारला जातो. हे फळ, ही बी झाडावरून नेमकी कोणत्या अवस्थेत काढली?

आपल्या आचार्यांनी हा प्रश्न टाळलेला नाही. चरकसंहितेच्या रसायनाध्यायात आमलकी-हरीतकीची फळे आपापल्या काळी, रस व वीर्य पूर्ण भरलेली अशीच घ्यावीत असा दंडक आहे. भल्लातकाविषयी तर किडीने न खाल्लेली, निर्दोष, पिकलेल्या जांभळासारखी काळीभोर फळे घ्यावीत असा स्पष्ट निर्देश आहे. 'आपूर्ण' हा शब्द तेथे सहज आलेला नाही. फळ व बीज 'भरते' म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वनस्पतिशरीरक्रियाशास्त्राने पुष्कळ अंशी दिले आहे. ते उत्तर आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने समजून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे. अकोला-अमरावतीच्या बाजारात येणारा बिबा, बेहडा, आवळा, चारोळी, करंज हा माल मोठ्या प्रमाणात सातपुड्याच्या, विशेषतः मेळघाटच्या जंगलातून येतो. त्यामुळे हा विषय आपल्या दारातलाच आहे.

बीजाच्या घडणीचे तीन टप्पे

सपुष्प वनस्पतीत फलन दुहेरी असते, हे १८९८ साली रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी दाखवून दिले. परागनलिकेतून दोन पुंयुग्मके बीजांडात शिरतात. एकाचा संयोग अंडपेशीशी होऊन भ्रूण तयार होतो. दुसऱ्याचा संयोग मध्यपेशीशी होऊन भ्रूणपोष, म्हणजे गर्भाचे पोषण करणारी ऊती, तयार होते. येथून पुढचा प्रवास ढोबळमानाने तीन टप्प्यांत होतो.

पहिल्या टप्प्यात पेशींचे विभाजन वेगाने होते आणि भ्रूणाला आकार येतो. मूलांकुर कोणता, प्रांकुर कोणता, बीजदले कोठे, हे सारे येथेच ठरते. दुसरा टप्पा भरणीचा. यात नवीन पेशी फारशा होत नाहीत, पण असलेल्या पेशींत प्रथिने, तेल व पिष्ट साठू लागते. तिसरा टप्पा सुकण्याचा. बीजातील पाणी उतरते, श्वसन मंदावते आणि बीज विसावते.

पहिल्या टप्प्याचे उत्तम उदाहरण म्हणजे शहाळे. शहाळ्याचे पाणी हा नारळाच्या बीजाचा द्रवरूप भ्रूणपोष होय. त्यात केंद्रके मुक्तपणे तरंगत असतात. पुढे कवटीच्या आतल्या बाजूने पेशीभित्तिका तयार होऊ लागतात आणि मलईचे खोबरे होते. चिंच, पळस, करंज या शिंबीवर्गीय वृक्षांत वाढता भ्रूण हा भ्रूणपोष जवळजवळ संपवून टाकतो आणि साठा बीजदलांत भरतो. एरंडात मात्र भ्रूणपोष शेवटपर्यंत टिकतो आणि तेल त्यातच असते.

आरंभीची संप्रेरके

पहिल्या टप्प्यावर अधिकार असतो तो प्रामुख्याने सायटोकायनिन, ऑक्झिन आणि जिबरेलिन या संप्रेरकांचा. सायटोकायनिन पेशीविभाजनाला चालना देते. कोवळ्या भ्रूणपोषात त्याचे प्रमाण विशेष असते. १९४१ साली व्हॅन ओव्हरबीक व त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे अगदी कोवळे भ्रूण बीजांडातून काढून नळीत वाढविण्याचा प्रयत्न केला. साध्या पोषकद्रवात ते वाढत नव्हते. त्यात नारळाचे पाणी मिसळल्यावर ते वाढू लागले. पुढे १९६३ साली लेथॅम यांनी मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून झिएटिन हे नैसर्गिक सायटोकायनिन वेगळे केले. कोवळ्या बीजात वाढीला चालना देणारे काहीतरी असते, ही कल्पना अशा रीतीने रेणूच्या पातळीवर सिद्ध झाली.

ऑक्झिनचे कार्य दुहेरी आहे. भ्रूणाची दिशा, म्हणजे मुळाचे टोक व शेंड्याचे टोक, ते ठरविते. शिवाय वाढत्या बीजातून ते भोवतालच्या फळात झिरपते आणि फळाला देठाशी धरून ठेवते. १९५० च्या सुमारास निट्श यांनी स्ट्रॉबेरीच्या पृष्ठभागावरील बियांसारखी दिसणारी बारीक फळे काढून टाकली, तेव्हा गराची वाढ थांबली. त्या जागी ऑक्झिन लावल्यावर वाढ पुन्हा सुरू झाली. बीज केवळ फळाच्या पोटात बसलेले नसते, तर फळाची वाढ तेच चालवीत असते, हे यातून कळते. वरुड-मोर्शीकडील संत्रा बागाईतदार फळगळ थोपविण्यासाठी संप्रेरकांची फवारणी करतात, तिचे मूळ याच तत्त्वात आहे.

फळाची वाढ किती लवकर वा उशिरा सुरू व्हावी, हेही वृक्षागणिक बदलते. आवळ्याचे उदाहरण प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. आवळ्याला वसंतात फुले येतात, फलन होते, परंतु फलित अंडाशय संपूर्ण उन्हाळा जवळजवळ सुप्तावस्थेत राहतो. झाडाकडे पाहिले तर फळ धरलेले आहे असे वाटतही नाही. पावसाळा सुरू झाल्यावर हा गर्भ जागा होतो आणि मग फळ झपाट्याने वाढते. गर्भोत्पत्तीसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज या चौघांचा संयोग लागतो, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. तेथे दृष्टान्त अंकुराचाच आहे. आवळ्याच्या झाडावर ऋतू व अंबू यांची ही वाट पाहणे प्रत्यक्ष दिसते.

या टप्प्याला थांबलेले फळ औषधाला निरुपयोगी असते असे मात्र नाही. बाळहिरडा हे त्याचे ठळक उदाहरण. हिरड्याची आठळी कठीण होण्यापूर्वीच काढलेली किंवा गळलेली ही कोवळी फळे होत. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी भागात बाळहिरडा हे उत्पन्नाचे एक मुख्य साधन आहे. बिल्वाच्या बाबतीतही तसेच. इतर फळे पिकलेली गुणवान, बिल्व मात्र कच्चे श्रेष्ठ, असा अपवाद सुश्रुतसंहितेने नोंदविला आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियातही बिल्वासाठी कच्च्या किंवा अर्धपक्व फळाचा गर आणि हरीतकीसाठी परिपक्व फळाची साल विहित आहे. म्हणजे 'पिकलेले तेच चांगले' असा सरसकट नियम नाही. कोणत्या द्रव्यासाठी कोणती अवस्था, हा विवेक हवा. बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा यांना आपण एक मानीत नाही. तोच विवेक इतर फळांच्या व बियांच्या बाबतीतही हवा.

साठ्याची प्रथिने

दुसऱ्या टप्प्यात बीजात प्रथिनांचा साठा होतो. अमेरिकेतील थॉमस ऑसबॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बीजप्रथिनांचे त्यांच्या विद्राव्यतेवरून चार वर्ग केले. पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिने, मिठाच्या द्रावणात विरघळणारी ग्लोब्युलिने, मद्यार्कात विरघळणारी प्रोलॅमिने आणि सौम्य आम्ल वा अल्कलीत विरघळणारी ग्लुटेलिने. तृणधान्यांत प्रोलॅमिने व ग्लुटेलिने अधिक असतात. शिंबीवर्गीय वृक्षांच्या बियांत प्रामुख्याने ग्लोब्युलिने व अल्ब्युमिने असतात. पेशीच्या अंतर्जालात तयार होऊन ही प्रथिने 'प्रथिनकाय' नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत बंद होतात. तेलही असेच सूक्ष्म थेंबांत साठते आणि प्रत्येक थेंबाभोवती ओलिओसिन या प्रथिनाचे आवरण असते. म्हणून करंज, मोह किंवा चारोळीची कोवळी बी दिसायला पूर्ण आकाराची असली, तरी वाळल्यावर आतला मगज सुरकुततो. आकार पहिल्या टप्प्यात येतो, ऐवज दुसऱ्या टप्प्यात येतो.

आपल्या वापरातील काही बियांचे विषही मुळात प्रथिनच असते, हे येथे ध्यानात घ्यावे. गुंजेतील अब्रिन व एरंडबीजातील रायसिन ही दोन्ही प्रथिने आहेत. रायसिन तेलात विरघळत नसल्याने ते पेंडीत उरते. म्हणूनच एरंडतेल पोटात देता येते, पेंड देता येत नाही. गुंजेच्या शोधनात दोलायंत्राने कांजीत वा गोदुग्धात स्वेदन सांगितले आहे. प्रथिन उष्णतेने विघटित होऊन निष्क्रिय होते, हे त्यामागील एक कारण आजच्या भाषेत सांगता येते. कुचल्याचे विष मात्र प्रथिन नसून स्ट्रिक्नीन हे अल्कलॉइड आहे आणि ते केवळ उकळण्याने नष्ट होत नाही. म्हणून प्रत्येक द्रव्याचा शोधनविधी वेगळा आहे. एकाचा विधी दुसऱ्याला लावणे धोक्याचे ठरेल.

कापसाने दिलेली दोन उत्तरे

तिसऱ्या टप्प्याचे कोडे उलगडण्यात आपल्या वऱ्हाडाच्या पिकाचा मोठा वाटा आहे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. १९६३ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅडिकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून एक पदार्थ वेगळा केला. बोंडे गळण्याशी त्याचा संबंध असावा अशा समजुतीने त्याला जे नाव मिळाले, त्यातून पुढे 'अ‍ॅबसिसिक आम्ल' हे नाव रूढ झाले. फळे-पाने गळण्यात इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा वाटा अधिक असतो, हे नंतर कळले. अ‍ॅबसिसिक आम्लाचे मुख्य काम वेगळेच निघाले. भरणीच्या काळात त्याचे प्रमाण बीजात वाढते. ते साठ्याच्या प्रथिनांच्या निर्मितीला चालना देते आणि बीजाला झाडावरच उगवण्यापासून रोखते.

हा रोध सैल झाला तर काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्वारी काढणीला आली असता अवकाळी पाऊस लागला की कणसातच कोंब फुटतात. अति पिकलेल्या फणसात कधीकधी आठळ्यांना आतच कोंब आलेले आढळतात. कोकणच्या खाडीकाठी कांदळाची बी तर झाडावर असतानाच लांब मूळ सोडते. तेथे तो दोष नसून त्या झाडाचा स्वभावच आहे.

दुसरे उत्तर १९८१ साली मिळाले. जॉर्जिया विद्यापीठातील लिऑन ड्युअर व त्यांच्या सहकाऱ्यांना सरकीच्या भ्रूणात, वाढीच्या अगदी उत्तरकाळात, मोठ्या प्रमाणात तयार होणारी काही प्रथिने आढळली. त्यांना 'उत्तर-भ्रूणावस्थेत विपुल होणारी प्रथिने', संक्षेपाने एल.ई.ए. प्रथिने म्हणतात. ही प्रथिने अतिशय जलप्रिय असतात. अंड्याचा पांढरा बलक उकळल्यावर गोठतो, तशी ही बहुधा गोठत नाहीत. बीज सुकत असताना पेशीतील पडदे व इतर प्रथिने यांना सावरून धरण्याचे काम ती शर्करांच्या साहाय्याने करतात. या संरक्षणामुळेच बाभळीची वा बहाव्याची बी कोरडीठाक होऊनही वर्षानुवर्षे जिवंत राहते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. झाडावर बी सुकणे आणि तोडलेली कोवळी बी उन्हात सुकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात बीज सुकण्याची पूर्वतयारी करून सुकते. दुसरीत तयारीआधीच पाणी हिरावले जाते. हाती येणाऱ्या दोन्ही बिया कोरड्याच असतात, पण एक विसावलेली असते आणि दुसरी बहुधा मेलेली असते.

वाळण सोसणारी आणि न सोसणारी बी

सर्वच बिया सुकणे सोसतात असेही नाही. १९७३ साली रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन वर्ग सांगितले. पहिला वर्ग वाळवून दीर्घकाळ साठविता येणाऱ्या बियांचा. बाभूळ, खैर, शिरीष, बहावा ही याची उदाहरणे. दुसरा वर्ग वाळविताच मरणाऱ्या बियांचा. उष्ण प्रदेशांतील अनेक वृक्ष या वर्गात येतात. आंबा, जांभूळ, फणस व मोह ही त्यांतील आपल्या परिचयाची नावे. कडुनिंब या दोहोंच्या मधला मानला जातो. निंबोळीची उगवणक्षमता साध्या साठवणीत काही आठवड्यांतच झपाट्याने घटते, म्हणून रोपवाटिकेत ती ताजीच पेरतात.

फार्मसीला याचे काय, असे कोणी विचारील. जांभूळबीजाचे उदाहरण घ्या. प्रमेहासाठी आपण ते मोठ्या प्रमाणात वापरतो. ही बी फळातून निघते तेव्हा तिच्यात पाणी भरपूर असते आणि तिचा चयापचय चालूच असतो. ओली बी पोत्यात भरून ठेवली तर ती तापते, कोंबारते आणि बुरशी धरते. म्हणून गर काढल्यावर ती त्वरित धुऊन, पातळ पसरून, हवेशीर जागी वाळविली पाहिजे. उगवण्यासाठी हवी असेल तर मात्र अजिबात न वाळविता लगेच पेरली पाहिजे. औषधासाठीची बी आणि लागवडीसाठीची बी यांची हाताळणी परस्परविरुद्ध आहे, हे खरेदीदाराने व पुरवठादाराने दोघांनीही जाणले पाहिजे.

अपक्व तोडणीचे दुहेरी नुकसान

मध्य भारतातील जंगलांत चारोळीची तोडणी पुष्कळदा फळ पिकण्यापूर्वीच होते, ही आता सर्वज्ञात गोष्ट आहे. कारण सरळ आहे. झाड कोणा एकाचे नसते. आज मी थांबलो तर उद्या दुसरा तोडून नेईल, ही धास्ती असते. व्यापाऱ्याचा भाव वजनावर असतो, पक्वतेवर नसतो. मग गोळा करणाऱ्याने थांबावे तरी कशासाठी? यात दोष त्या कोरकू वा गोंड बांधवाचा नसून खरेदीच्या पद्धतीचा आहे, आणि त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला आपणच उभे आहोत.

नुकसान दोन बाजूंनी होते. औषधाच्या बाजूने पाहिले तर भरणी अपूर्ण राहिलेल्या मालात मगज कमी, तेल कमी, आणि प्रत्येक खेपेचा गुण वेगळा. वनाच्या बाजूने पाहिले तर एल.ई.ए. प्रथिने तयार होण्याआधी तोडलेली बी चुकून जमिनीवर पडली तरी ती बहुधा रुजत नाही. पिकलेले फळ तोडले, तर निदान सांडलेली, पाखरांनी नेलेली, झाडावर राहिलेली चार फळे पुढची पिढी उभी करू शकतात. कच्चे तोडले, तर तेही नाही. आज मिळणारा बिबा आणि चारोळी पन्नास वर्षांनी कोणत्या झाडावरून येणार, हा प्रश्न येथे उभा राहतो.

खरेदीच्या वेळी काय पाहावे

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पुढील गोष्टी प्रत्येकाला करता येतील.

१. फोडून पाहणे. प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरातून मूठभर माल घेऊन फोडावा. मगज कवचाला भरून बसलेला आहे की सुरकुतून सुटला आहे, ते पाहावे. ताज्या आवळ्याची आठळी फोडून आतील बियांचा रंग पाहावा. बी पांढुरकी असेल तर फळ कोवळे, तपकिरी-काळसर झाली असेल तर फळ तयार. आवळा बाहेरून मोठा दिसणे हा पक्वतेचा पुरावा नव्हे.

२. पाण्यात टाकून पाहणे. भल्लातकाची पक्व फळे पाण्यात टाकावीत व बुडतील तीच शोधनासाठी घ्यावीत, असे आपले ग्रंथ सांगतात. भरलेले फळ जड असते व पोकळ तरंगते, इतकी सरळ ही परीक्षा आहे. बिबा हाताळताना हातांना तेल लावणे व डोळे-तोंड सांभाळणे याविषयी आपल्याला वेगळे सांगायला नको.

३. महिन्यापेक्षा लक्षणावर भर देणे. चरकसंहितेत भल्लातकसंग्रहासाठी ज्येष्ठ-आषाढ सांगितला आहे. आपल्या सातपुड्यात बिबा साधारणतः पौष ते फाल्गुनात पिकतो. प्रदेशानुसार काळ बदलतो, पण काळेभोर, भरलेले, अक्षत फळ हे लक्षण बदलत नाही. ग्रंथाने दोन्ही दिले आहेत. आपण लक्षण धरावे.

४. मागणीपत्रात अवस्था लिहिणे. 'आवळा, अमुक क्विंटल' एवढेच न लिहिता 'परिपक्व', 'अर्धपक्व' किंवा 'कोवळा' असा स्पष्ट उल्लेख असावा. २००० सालच्या शेड्यूल टी नुसार कच्च्या मालाची नोंद आपल्याला ठेवावीच लागते. त्याच नोंदीत संग्रहाचा महिना व अवस्था असे दोन रकाने वाढविणे कठीण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली औषधी वनस्पतींच्या लागवड व संग्रहासंबंधी दिलेल्या मार्गदर्शक सूत्रांतही योग्य काळी व योग्य अवस्थेत संग्रह करण्यावर भर आहे.

५. पक्वतेला भाव देणे. पक्व मालाला किलोमागे थोडा अधिक दर दिला, तर गोळा करणाराही थांबेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क ग्रामसभांना मिळू शकतात. अचलपूर तालुक्यातील पायविहीर येथील ग्रामसभेला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिने उजाड वन पुन्हा उभे केले आणि सीताफळांची विक्री स्वतः हाती घेतली. जेथे झाडावर गावाचा हक्क असतो तेथे फळ पिकेपर्यंत थांबणे परवडते. अशा ग्रामसभांशी चार-पाच फार्मसींनी मिळून थेट करार केला, तर माल आणि वन दोन्ही टिकतील. लागवडीसाठी रोपे वा मार्गदर्शन हवे असल्यास अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आपल्या हाताशी आहे.

उपसंहार

शेवटी एक सावधगिरीची सूचना. अ‍ॅबसिसिक आम्ल म्हणजे अमुक दोष किंवा सायटोकायनिन म्हणजे तमुक धातू, अशी समीकरणे मांडण्याचा मोह आपल्या व्यासपीठांवर अनेकदा होतो. त्याने ना आयुर्वेदाचे बळ वाढते, ना आधुनिक शास्त्राचे. दोन्ही शास्त्रांनी आपापल्या रीतीने एकच वस्तू पाहिली आहे, इतके म्हणणे पुरेसे आहे. आचार्यांनी फळाचा रंग, भार, काळ व रस पाहून 'आपूर्ण' हा शब्द योजिला. शरीरक्रियाशास्त्राने तो भरण्याचा क्रम उलगडून दाखविला. त्यात आधी घडण, मग साठा, मग संरक्षण, आणि शेवटी विश्रांती. या क्रमातील कोणतीही पायरी गाळून मिळालेले बीज वजनकाट्यावर जरी भरले, तरी औषध म्हणून व बीज म्हणून ते अपुरेच राहते.

येत्या हंगामात बेहडा, आवळा व बिबा यांची मागणी नोंदविताना प्रत्येक सभासदाने मागणीपत्रावर अवस्थेचा तो एक शब्द अवश्य लिहावा, एवढीच विनंती.